गरीब कुळांना मत होतं कसं?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पार्लमेंटसाठी मत फक्त मालमत्तावाल्यांना होतं, असं शाळेत शिकलो. मग १८२८ साली आयर्लंडच्या क्लेअर काउंटीत डॅनियल ओकॉनेल यांना गरीब शेतकऱ्यांनी कसं निवडून दिलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शिकलात ते बरोबरच आहे, पण आयर्लंडात मालमत्तेची अट फार खाली होती. माझी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यामुळे मला यातली कागदाची गंमत आधी दिसते. हयातीपर्यंतचा पट्टा असला आणि खंड वजा जाता जमिनीची किंमत वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड, धरली गेली की कूळ मतदार! १७९३ मध्ये कॅथलिकांनाही मत मिळालं, तेव्हा जमीनदारांनी असे पट्टे सढळ हाताने दिले. दानत म्हणून नव्हे. मतदान उघड होतं. जितकी कुळं, तितकी आपली मतं. मालकाच्या विरोधात गेलं की थकबाकीचा तगादा, नाहीतर जमीन सोडा.

क्लेअरमध्ये हा डाव उलटला. तिथले खासदार व्हेसी फिट्झजेराल्ड मंत्री झाले, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना पुन्हा निवडून यावं लागणार होतं. गृहस्थ कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूचेच, बिचारे! पण ओकॉनेल पडले वकील, आणि स्वतः कॅथलिक. कॅथलिकाने उभं राहायला बंदी नव्हती, अडत होतं ते निवडून आल्यावरच्या शपथेपाशी, कारण तिच्यात कॅथलिक श्रद्धा नाकारावी लागे. ही फट त्यांनी हेरली. एनिस गावात पाच दिवस मतदान चाललं. धर्मगुरू आपापल्या गावची कुळं घेऊन येत होते, आणि दारूला शिवायचं नाही अशी सक्त ताकीद होती. त्या काळच्या निवडणुकीत ही नवलाईच. ओकॉनेलना २,०५७ मतं पडली, फिट्झजेराल्डना ९८२.

१८२९ मध्ये सरकारने कॅथलिकांना पार्लमेंट खुलं केलं आणि सोबत दुसरा कायदा करून मताची अट १० पौंडांवर नेली. काउंट्यांमधले २ लाखांवर मतदार ४० हजारांच्या आत आले. ज्यांनी ओकॉनेलना निवडून दिलं, त्यांचंच मत गेलं. ओकॉनेलनी हे फारसं लढवलं नाही. १८२५ सालीच ते अशा सौद्याला तयार झाले होते. माणूस मोठा, पण हे मी त्यांच्या खात्यावर नावे टाकतो. मत गेल्यावर अशी कुळं ठेवण्यात जमीनदारांनाही काही फायदा उरला नाही.