ट्रेडिंग डेस्कवर नव्याने बसणाऱ्या मैत्रिणीला

सौदा घेण्याआधी स्टॉपलॉस ठरव, म्हणजे भाव कुठवर पडला की तोटा सोसून विकायचं ती पातळी, मग शेअरची संख्या. उलटं करू नकोस. भांडवल ५,००,००० आणि एका सौद्यात १ टक्का जोखीम, म्हणजे ५,०००. शेअर २५०ला घेतलास, स्टॉप २४०ला, तर फरक १०. म्हणून ५०० शेअर, त्याहून एकही जास्त नाही. भाव अचानक खाली उघडला तर स्टॉप २४०ला न लागता २३३लाही लागतो, त्यामुळे कंपनीच्या आर्थिक निकालाच्या आदल्या दिवशी संख्या निम्मी कर. स्टॉप खाली सरकवत जाणं हीच नवशिक्यांची सगळ्यात महागडी खोड. २० टक्के घट भरायला २५ टक्के नफा लागतो, ५० टक्क्यांची भरायला १०० टक्के!

वही रोज लिही: सौद्याचं कारण, स्टॉप, खर्च वजा जाता नफा-तोटा. बोनसच्या बैठकीत ‘तो सौदा टीमचा होता’ असं हमखास ऐकवलं जातं आणि बायकांना जरा जास्तच. तेव्हा तारखेसकट आकडेच उपयोगी पडतात. बाळंतपणाच्या किंवा कुठल्याही लांब रजेआधी उघडे सौदे शक्यतो बंद कर, उरलेले स्टॉपसकट लेखी सोपव. परतल्यावर पहिले दोन आठवडे पाव संख्येनेच खेळ, बाजाराचा चढउतार तोवर बदललेला असतो.