जुन्या ऑब्जेक्ट फाइलची रचना कुठे शोधावी

राजारामपुरीतल्या जुन्या संगणकवर्गाच्या फ्लॉपीवरील टर्बो सी या कंपायलरने बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइली (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत आणलेले, पण अजून एकत्र न जोडलेले तुकडे) आपल्याला उलगडायच्या असतील, तर कंपायलरच्या पुस्तकात फार वेळ घालवू नका. असे तपशील बहुधा लिंकरच्या (हे तुकडे जोडणाऱ्या साधनाच्या) किंवा असेंब्लरच्या (असेंब्ली भाषा यंत्रभाषेत आणणाऱ्या साधनाच्या) मॅन्युअलमध्ये सापडतात. डॉसवरील ही रचना इंटेलची ओएमएफ (ऑब्जेक्ट मॉड्यूल फॉरमॅट) असून तिचे १.१ आवृत्तीचे विवरणपत्र १९९५ चे आहे. ते शेजारी ठेवून फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट सोळाच्या पायातील, म्हणजे हेक्स, अंकांत दाखवणाऱ्या साधनात) उघडा. फाइल एकामागून एक नोंदींची बनलेली असते; पहिल्या नोंदीचा पहिला बाइट ८० (हेक्स), पुढचे दोन बाइट नोंदीची लांबी, आणि नोंदीच्या अखेरीस चेकसम, म्हणजे पडताळणीचा बाइट, जो धरून नोंदीतील सर्व बाइटांच्या बेरजेला २५६ ने निःशेष भाग जातो. काही कंपायलर तिथे नुसते शून्य लिहितात, तेव्हा फाइल खराब आहे असे लगेच मानू नका. सातव्या आवृत्तीच्या युनिक्सवरील ऑब्जेक्ट फाइलींसाठी मात्र त्या युनिक्सच्या मॅन्युअलचा पाचवा विभाग, म्हणजे फाइलींच्या रचनांचा विभाग, पाहावा.