गर्दीत उभं राहिलं की माणूस दगड होतो का?

प्रश्न: माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. परवा कॉलेजजवळच्या सिग्नलला टेम्पोने एका बाइकवाल्याला उडवलं, वीसेक माणसं जमली पण कोणी पुढे होईना, हाही नुसता उभा. शेवटी एका रिक्षावाल्याने त्याला दवाखान्यात नेलं. तेव्हापासून पोराचं जेवणात लक्ष नाही. घरात कोणाला साधा ताप आला तरी धावपळ करणारा मुलगा असा कसा वागला? हल्लीची मुलं एवढी निर्दयी झालीत का?
– एक आई, नाशिक

उत्तर: नाही हो ताई, मुळीच नाही. आणि हे हल्लीचंही नाही. अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, त्यात कॉलेजची मुलं वेगवेगळ्या खोल्यांत बसून माइकवर बोलतायत आणि बोलता बोलता त्यातल्या एकाला फिट आल्याचा आवाज येतो (खरं तर ती टेप होती). हे फक्त मलाच ऐकू येतंय असं ज्यांना वाटलं त्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीसाठी उठले, आणि अजून चार जण ऐकतायत असं वाटणाऱ्यांतले फक्त ३१ टक्के. पण जे उठले नाहीत ते काय मजेत बसले होते का? त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, आणि कोणी आत आल्या आल्या पहिला प्रश्न, तो बरा आहे ना? तुमच्या मुलासारखंच.

रस्त्यावर तर त्याहून अवघड, तिथे आपण एकमेकांची तोंडं बघतो, सगळे गप्प म्हणजे कोणीतरी फोन केलाच असेल असं प्रत्येकालाच वाटतं, वर पोलिसांचं झंझट नको ही भीती.

म्हणून मुलाला एवढंच शिकवा, "कोणीतरी फोन करा" असं ओरडायचं नाही, एकाकडे बोट दाखवून म्हणायचं "ओ निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ लावा", दुसऱ्याला म्हणायचं "तुम्ही गाड्या थांबवा". नेमकं सांगितलं की लोक लगेच हलतात. आणि पोलिसांचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलंय, मदत करणाऱ्यावर आपलं नाव-पत्ता द्यायची सक्ती कोणी करू शकत नाही, ना पोलीस ना हॉस्पिटल.