भाऊबीजेला बावीस माणसं येणार, जेवायला काय करू?

दसरा झाला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. त्यासाठी म्हणून कुणी येत नाही. येतात ते झोप लागत नाही, पित्त उसळलंय, नवऱ्याशी बोलणंच बंद झालंय, अशा तक्रारी घेऊन. अर्धा तास गेला की मग हळूच, "दिवाळीला सगळे आमच्याकडं आहेत ओ मॅडम. काय करायचं जेवायला, तेच सुचंना झालंय." आणि हे सांगताना चेहरा असा की जणू काही क्षुल्लक गोष्टीसाठी आपण दुसऱ्याचा वेळ खातोय. मला हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. घरात कोण कुणाचं ऐकतं, कुणाला कशाचा राग आहे, कोण गेल्याचं दुःख अजून कुणी बोलून दाखवलेलं नाही, हे सगळं सणाच्या ताटात बाहेर पडतं.

ही हकिगत सांगलीतल्या एका ताईंची. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय पंचेचाळिशीच्या आसपास. घर पूर्वी गावभागात होतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तळमजला बुडाला, तेव्हा मंडळी विश्रामबागेत राहायला आली. सासूबाई मागच्या वर्षी आषाढात गेल्या. त्यामुळे मागची दिवाळी झालीच नाही, नातेवाइकांनी फराळाचे डबे आणून दिले तेवढंच. यंदा मात्र साताऱ्याच्या नणंदबाईंनी नवरात्रातच फोन केला होता, "भाऊबीजेला सगळे तुझ्याकडं. आई असताना व्हायचं तसंच." त्या फोनपासून ताईंची झोप उडाली. पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, आणि डोक्यात आमटी.

धडधड म्हटल्यावर मी आधी त्यांना घरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घ्या म्हटलं. या वयात अंगाच्या तक्रारीला सरसकट "टेन्शन" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. रिपोर्ट ठीक आले, तेव्हा पुढच्या गप्पा सुरू झाल्या.

त्यांनी पर्समधून कालनिर्णयचं जुनं पान काढलं. मागच्या कोऱ्या जागेत पदार्थांची यादी, एकोणीस नावं. पुरणपोळी, कटाची आमटी, खपली गव्हाची खीर, भरलं वांगं, बटाट्याची भाजी, भजी, कुरडया, मसालेभात, आणि शेवटी कंसात "मटण??". दोन प्रश्नचिन्हं त्यांचीच.

"एवढं कोण खाणार?" मी विचारलं.

"खाणार कुणीच नाही. पण एक जरी राहिलं तरी बोलणार."

"आणि घरच्यांचं म्हणणं काय?"

"आमचे हे म्हंतात, तुला काय पाहिजे ते कर."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एक वेगळा लेख होईल. ऐकायला मोठं उदार. पण त्याचा खरा अर्थ असा की विचार तू कर, खरेदी तू कर, रांध तू, आणि कुणी नाक मुरडलं तर तेही तूच ऐक. निवड मिळाली असं वाटतं आणि पदरात पडते सगळी जबाबदारी.

मी त्यांना यादी बाजूला ठेवायला सांगितली. पदार्थ नंतर, आधी माणसं. बावीस जणांची नावं लिहायची आणि प्रत्येकापुढे तीन रकाने. पहिला पथ्याचा : हे माणूस काय खाऊच शकत नाही. दुसरा आवडीचा. तिसरा मताचा, म्हणजे त्या माणसाच्या मते आपल्या ताटात काय असायला हवं. पुढच्या वेळी त्या कागद भरून घेऊन आल्या. पहिल्या रकान्यात जेमतेम तीन-चार नावं. दुसरा अर्धामुर्धा. तिसरा मात्र खाली उतरून पानाच्या मागे गेलेला. ज्या गोष्टींनी त्यांची झोप घालवली होती त्या जवळजवळ सगळ्या त्या तिसऱ्या रकान्यात होत्या. ते त्यांनाच दिसलं, मला बोलावं लागलं नाही.

पहिल्या रकान्यावर मात्र आम्ही बराच वेळ घालवला, कारण तिथे चूक झाली तर ती बोलण्यावर भागत नाही.

नणंदेचा नातू चार वर्षांचा, त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. आपल्या सांगलीच्या स्वयंपाकघरात ही गोष्ट अवघड आहे. कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट, आमटीला कूट, तळायला शेंगतेल, आणि पाहुण्यांसमोर भडंग. "त्याला बाजूला काढून देईन की," ताई म्हणाल्या. बाजूला काढून भागत नाही. खरी ॲलर्जी असेल तर त्याच मिक्सरच्या भांड्यातला, त्याच पळीला लागलेला अंशही पुरतो, आणि काही मिनिटांत अंगावर गांधी उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून ठरलं ते सरळ : त्या दिवशी घरात शेंगदाणाच नाही. कूट नाही तिथे ओलं खोबरं. तेल सूर्यफुलाचं. चिवडा, भडंगाचे डबे माळ्यावर. मुलाच्या आईला आधी फोन करून विचारायचं, डॉक्टरांनी कुठलं औषध जवळ ठेवायला सांगितलंय आणि ते कुठल्या पिशवीत असेल. आणि "इवलंसं खाल्लं तर काय होतंय" म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना हसून पण स्पष्ट सांगायचं काम ताईंच्या यजमानांनी करायचं. "काय पाहिजे ते कर" म्हणणाऱ्यांच्या वाट्याला आलेलं हे पहिलं काम.

दाजींना मधुमेह, इन्सुलिन चालू. ताईंनी त्यांच्यासाठी गुळाची बिनसाखरेची बासुंदी योजली होती. गूळ म्हणजे पथ्याचा, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. रक्तातली साखर गुळानेही वाढते. पण मला काळजी गोडाची नव्हतीच. "तुमच्याकडं भाऊबीजेला पानं किती वाजता वाढतात?" मी विचारलं. ओवाळण्या होईपर्यंत अडीच-तीन. इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्या माणसाचं जेवण असं लांबलं तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. तेव्हा दाजींसाठी वेगळा पदार्थ नको, वेळ हवी. एक वाजता जेवण, ओवाळणी उरली तर नंतर. खीर त्यांनाही वाढायची, छोट्या वाटीत, आणि भात कमी. मधुमेही माणसाच्या ताटात सगळ्यांदेखत वेगळी वाटी ठेवून त्याला आजारी करून टाकणं मला तरी आवडत नाही.

मिरजेच्या आत्याबाई चातुर्मास पाळतात. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला, चातुर्मास संपतो एकादशीला, म्हणजे कांदा, लसूण, वांगं अजून बंदच. मग आमटी सगळ्यांनाच बिनकांद्या-लसणाची करायची, कुणाच्या लक्षातही येत नाही. पुण्याची पुतणी ग्लुटेन खात नाही. तिला डॉक्टरांनी सांगितलंय की तिने स्वतः सोडलंय, ते विचारून घ्या म्हटलं, कारण खपली चालते असं जे लोक ठोकून देतात ते खरं नाही. खपली झाली तरी गहूच, ग्लुटेन त्यातही असतं. पुतणीने वजनासाठी सोडलं होतं. ती दुसऱ्या रकान्यात गेली आणि तिच्यासाठी ज्वारीची भाकरी होतीच.

मटणाचा आग्रह धाकट्या दिरांचा. त्यांना निरोप गेला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मळ्यात करा, चूल तुमची आणि मसालाही तुमचाच.

एवढ्यावर एखाद्या बाईचं काम भागलं असतं. पण ताईंची झोप काही परत आली नाही, तेव्हा मी विचारलं, "समजा सगळं नीट झालं. तरी काय व्हायची भीती आहे?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणतील, आई होती तेव्हा..."

"म्हणणारच," मी म्हटलं. "तुम्ही एकोणीसच्या एकोणीस केलं तरी म्हणतील. ते तुमच्या आमटीबद्दल नाही. त्यांची आई गेलीय आणि ते सगळे पहिल्यांदाच तिच्याशिवाय जेवायला बसणार आहेत. ते वाक्य बंद पडेल असा मेनू कुणालाच जमणार नाही."

त्या रडल्या. सासूबाईंसाठी त्या स्वतः अजून रडल्याच नव्हत्या, हे तेव्हा कळलं. शेवटची दोन वर्षं त्यांचं सगळं त्यांनीच केलं होतं, पण दुःख करायचा हक्क लेकीचा, सुनेने पाहुण्यांना चहा द्यायचा, अशी आपल्याकडची वाटणी. त्या दिवशी स्वयंपाकाचा विषय निघाला नाही.

त्यानंतर आम्ही नणंदबाईंच्या फोनची तालीम केली. मी नणंद झाले. ताईंनी सुरुवातीला "वन्सं, काय काय करू ते सांगा" असं म्हणून बघितलं, तेव्हा मी नणंद म्हणून धडाधड बारा पदार्थ सांगितले आणि त्या स्वतःच हसायला लागल्या. असं मोकळं विचारलं की यादीच येणार. मग प्रश्न बदलला : "वन्सं, आईंच्या हातचं एकच काही खायचं म्हटलं, तर काय?"

खऱ्या फोनवर नणंदबाई लगेच म्हणाल्या, "खपलीची खीर." आणि पाठोपाठ, "पण तू नको करू. मी आदल्या दिवशी येऊन करते."

ताई माझ्याकडे आल्या त्या फणकाऱ्यातच. "म्हणजे माझ्या हातची चालत नाही." असेलही. पण आईच्या घरात आईचं भांडं चुलीवर चढवायची इच्छाही असू शकते, आणि दोन्ही खरं असलं तरी चूल अडत नाही. मी एवढंच विचारलं की त्यांनी ती खीर केली तर तुमचं काम वाढतं की कमी होतं. "कमी होतं," त्या म्हणाल्या, जरा नाराजीनेच.

भाऊबीजेनंतर त्या आल्या तेव्हा सगळी हकिगत ऐकायला मिळाली. नणंदबाई कंदी पेढ्यांचा पुडा आणि सडलेली, म्हणजे कांडून साल काढलेली खपली घेऊन आदल्या दिवशी दुपारी हजर. गहू रात्रभर भिजवायचा हे दोघींना माहीत होतं, म्हणून तो त्या भिजवूनच घेऊन आल्या होत्या. पुढचं मात्र पाठ कुणालाच नव्हतं, कारण खीर कायम सासूबाईच करायच्या आणि त्यांची पदार्थांची वही पुराच्या पाण्यात गेलेली. नणंद म्हणे आई खसखस घालायची, ताई म्हणे बडीशेप. संध्याकाळी थोडी करून बघितली. गहू काही केल्या मऊ होईना, दाताखाली कचकच. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या, आणि दोघींची तोंडं फुगलेली. शेवटी ताईंनी मिरजेला आत्याबाईंना फोन लावला. पन्नास वर्षं त्यांनी वहिनीच्या हातची ती खीर खाल्लेली.

"गूळ कधी घातलास?" आत्याबाईंनी विचारलं.

"गव्हाबरोबरच."

"मग कसा शिजंल? वहिनी आधी गहू बोटानं दाबून बघायची. पार मऊ झाला की मग गूळ, त्याच्या मागनं खोबरं. खसखस न् बडीशेप दोन्ही घालायची, भांडू नका."

गूळ आधी पडला की गहू टणक राहतो, हे कडधान्य शिजवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण आईची खीर म्हटल्यावर दोघींचीही अक्कल जागेवर नव्हती.

ताटात शेवटी आठ पदार्थ होते : खीर, चपाती, भाकरी, आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, भजी, वरणभात. पुरणपोळी नव्हती आणि ती कुठे आहे असं फक्त एका मामांनी विचारलं. एकला पानं पडली, दाजी पहिल्या पंगतीला बसले. उरलेली आमटी आणि भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला. ते यजमानांनी केलं, कारण ताई तेव्हा पहिल्यांदाच ओवाळणीच्या फोटोत उभ्या होत्या. "आई होती तेव्हा" हे वाक्य आलंच, नणंदबाईंच्याच तोंडून, आणि त्यावर बराच वेळ सासूबाईंच्या गोष्टी निघाल्या. ताईंनीही दोन सांगितल्या.

सगळं गोडच झालं असं नाही. नणंदबाई जाताना खिरीचा उरलेला डबा न विचारता घेऊन गेल्या, त्याचा राग ताईंना अजून आहे, आणि जावेने कशाला हात लावला नाही तो विषय वेगळाच. झोप सुधारलीय, पण आठवड्यातून एखादी पहाट अजून तशीच जाते. ती मेनूची नाही. सासूबाईंच्या शेवटच्या दोन वर्षांचं बोलणं अजून बाकी आहे, त्यासाठी त्या येत राहणार आहेत. तुमच्या घरी कुणाला अशी उदासी किंवा धास्ती दोन आठवड्यांहून जास्त टिकून असेल, जेवणखाण आणि कामंच सुटली असतील, तर सण सरायची वाट बघू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढच्या वर्षीची भाऊबीज धाकट्या दिरांकडे ठरलीय. त्यांनी परवाच ताईंना विचारलं, "वहिनी, काय करू या जेवायला?" ताईंनी त्यांना तीन रकान्यांच्या कागदाचा फोटो पाठवून दिला. तिसऱ्या रकान्यात पहिलं नाव त्यांचंच होतं, मटणासकट.