भाषाशास्त्रातून लष्करातल्या बौद्ध चॅप्लेनकडे

ताई, जय भीम.

तुमची मुलगी अमेरिकेतच जन्मलेली, तिथलीच नागरिक. भाषाशास्त्रात एम.ए., त्यात पाली शिकली, आणि आता पीएच.डी. अर्धी टाकून तिथल्या लष्करात बौद्ध चॅप्लेन, म्हणजे धर्मगुरूच्या हुद्द्यावरची अधिकारी व्हायचं म्हणते. ‘शिकलेलं पाण्यात जाईल आणि पोर युद्धावर जाईल,’ असं तुम्ही लिहिलंय.

युद्धाचं आधी. चॅप्लेन शस्त्र उचलत नाही. जिनिव्हा करारांनुसार तो लढणाऱ्यांत मोडत नाही. पण तुकडी जाईल तिथे त्यालाही जावं लागतं, त्यामुळे धोका नाहीच असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. ही वाट मात्र अगदी अनोळखी नाही. जीनेट शिन २००४ मध्ये अमेरिकी नौदलात पहिल्या बौद्ध चॅप्लेन झाल्या.

शिक्षणाचं म्हणाल तर पदव्युत्तर ७२ सेमिस्टर तास, म्हणजे क्रेडिट, लागतात, आणि त्यांतला निदान अर्धा भाग धर्म, धर्मग्रंथ, नीती अशा विषयांचा हवा. सुत्तपिटकाचे, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या पाली ग्रंथांचे, पेपर त्यात धरले जाण्याची आशा आहे, ध्वनिविज्ञानाचे नाही. उरलेलं बर्कलेच्या इन्स्टिट्यूट ऑफ बुद्धिस्ट स्टडीजसारख्या ठिकाणी भरून काढता येईल.

खरी अडचण पुढे आहे. संरक्षण खात्याने मान्य केलेल्या धर्मसंस्थेने ‘ही आमची’ असं लेखी द्यावं लागतं. ते नुसत्या मार्कशीटवर मिळत नाही. संघात वावर लागतो, सेवा लागते. शिन यांच्यामागे बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका ही जपानी जोदो शिन्शू परंपरेची संस्था होती. तिथलं अमिताभ बुद्धाचं नामस्मरण आणि तुमच्या घरचं त्रिसरण-पंचशील यांत बरंच अंतर आहे. पुढे संस्थेने पाठिंबा काढला, तर नोकरीवरच गदा येते. म्हणून कोणत्या परंपरेत मन रमतं हे तिने बर्कलेसारख्या ठिकाणी प्रवेश घेण्याआधी ठरवावं. पाली उत्तम येणं आणि रोज उपासनेला बसणं यात फरक आहे, आणि अभ्यासकांना तो उशिरा कळतो (माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना).

शिवाय समोर येणारे जवान बहुतेक ख्रिस्ती असतील. कुणाचा घटस्फोट, कुणाचं कर्ज, कुणाला तीन-तीन रात्री झोप नाही. ती भाषाशास्त्राची आहे. बोलता बोलता माणूस कुठे अडखळतो हे तिच्या कानाला कळतं, ते शिक्षण इथे कामी येईल. फक्त इथे रेकॉर्डर चालू करता येणार नाही. ऐकलेलं वरिष्ठांनाही सांगायचं नसतं.

नागपूरच्या भाच्याने विचारलंय म्हणून सांगते: आपल्या सैन्यात धर्मगुरू हे जेसीओचं, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचं पद आहे, प्रशिक्षण पुण्यात होतं. पण बौद्ध जागा महायान भिक्खूंसाठी, तीही लडाख स्काउट्स या रेजिमेंटकरता. गृहस्थाला तिथे वाव नाही.

तिला म्हणावं, पीएच.डी. सोडू नकोस, रजा घे. तेवढ्यात एखाद्या हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचं, म्हणजे रुग्णांना मानसिक-आध्यात्मिक आधार देण्याच्या प्रशिक्षणाचं, एक युनिट कर, साधारण ४०० तासांचं. मग मला फोन करायला सांगा.