त्याला कळप हवा आहे

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू तीन दिवस रजेवर होतास, त्या पोरक्या हत्तीच्या पिल्लानं कुणालाच बाटली तोंडाला लावू दिली नाही, आणि तू आलास तेव्हा दोन बाटल्या एका दमात संपवल्या. तुला काळजी वाटली हे खरं, पण त्या ओळींमागे थोडा आनंदही दिसला. तो मी चांगला ओळखते. त्याच आनंदापायी माझ्या हातून एका जिवाचं वाटोळं झालं, म्हणून झोप बाजूला ठेवून लिहायला बसले.

त्याला तू नको आहेस. त्याला कळप हवा आहे.

आयेशा या हत्तीच्या पिल्लाची गोष्ट तुला माहीत असेलच, तरी पुन्हा सांगते. तेव्हा आफ्रिकेत निव्वळ दुधावर असलेलं हत्तीचं पिल्लू माणसाच्या हातून सहसा जगत नसे. गाईच्या दुधातली चरबी त्याला पचत नाही, हगवण लागते आणि बघता बघता ते खंगून जातं. केनियात पोरकी पिल्लं वाढवणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी वर्षानुवर्षं खटपट केली आणि शेवटी खोबरेल तेल घातलेलं दूध आयेशाला मानवलं. ती वाढीला लागली. मग 1974 मध्ये बाई मुलीच्या लग्नाला गेल्या आणि आयेशानं खाणंपिणं सोडलं. ती गेली. दूध तेच होतं रे, फक्त ते पाजणारी बाई नव्हती. तेव्हापासून तिथं पिल्लाशेजारी झोपणारा माणूस सारखा बदलत ठेवतात. आपल्याकडचा पाळ्यांचा तक्ता कुणा साहेबाच्या डोक्यातून निघालेला नाही, त्या मरणातून आलाय. आणि तू लिहितोस, "मी सलग नऊ रात्रपाळ्या मागून घेतल्या." कशासाठी? कोणाच्या सोयीसाठी?

रागावले असं वाटेल. रागावलेच आहे, पण अर्धा राग माझ्यावरच आहे.

माझ्या पहिल्याच वर्षी विहिरीत पडलेली एक मादी आम्ही बाहेर काढली. वजन जेमतेम शंभर किलो, म्हणजे नुकतीच जन्मलेली. नाळेची जखम ओली, अंगावरचे तांबूस केस चिखलानं चिकटलेले. आम्ही तिला धुतलं, सलाइन लावलं, गाडीत घातलं. कळप त्या रात्री दोन किलोमीटरवरच उभा होता. मला त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. थांबायला हवं होतं. माणसाचा हात लागला की हत्तीण पिल्लाला घेतच नाही, असं तेव्हा सगळे ठामपणे सांगायचे आणि मीही मानलं. असा काही नियम नाही. पुष्कळदा घेतात. काझीरंगात पुरात वाहून आलेलं पिल्लू सापडलं की आधी कळप शोधतात तो उगाच नाही. आई बावीस महिने पोटात वाढवते, आणि मी तिला एक रात्रसुद्धा दिली नाही.

पुढचं तर सगळं मीच केलं. तिला लाडाचं नाव ठेवलं. माझा अंगठा चोखल्याशिवाय ती झोपायची नाही, याचं मला कोण कौतुक! उजव्या खिशात तिच्यासाठी केळं ठेवायचे. पाच वर्षांची झाल्यावर तिला सोडली तेव्हा जंगलात दुसरे हत्ती होते, पण ती रस्त्याच्या कडेनं माणसं शोधत फिरली. लोकांनी आधी खायला घातलं, मग दगड मारले. एका घराची भिंत तिनं पाडल्यावर तिला पकडून आणलं. बऱ्याच वर्षांनी मी भेटायला गेले. पायात साखळी होती. तिनं सोंड लांबवली ती थेट माझ्या उजव्या खिशात.

खिसा रिकामा होता.

त्यानंतर मी बदलले, आणि लोक मला दगडाच्या काळजाची म्हणू लागले. म्हणू देत. एकदा वरून मोठ्या पाहुण्यांच्या फोटोसाठी पिल्लू बाहेर आणायचा हुकूम आला, मी दाराला कुलूप लावून किल्ली खिशात घातली. बदली झाली. आजही तेच करीन. श्रीलंकेत उदवलवेच्या केंद्रात 1995 पासून पोरकी पिल्लं सांभाळतात. बघायला येणारे लांबून बघतात, हात लावू देत नाहीत, आणि पिल्लं एकेकटी न सोडता टोळीनं सोडतात. शंभराहून जास्त हत्ती तिथून रानात गेलेत. तिथल्या लोकांना पिल्लांची माया नसेल असं वाटतं तुला? मी चुकले नव्हते. माझी पद्धत कोरडी होती, हे मान्य. बोलण्यात गोडवा नव्हता, हेही मान्य. पण चुकले नव्हते.

आता तुझं. हे वाचून उद्याच त्याच्यापासून लांब पळू नकोस, तोही घातच. तुझा रोजचा कोट दुसऱ्याला घालायला दे, न धुता. दुधाच्या वेळी टांगतोस त्या कांबळ्यामागे दोघं उभे राहा. पिल्लाला आईच्या पोटासारखं सोंड टेकायला काहीतरी लागतं, आणि मागे कोण आहे हे हळूहळू त्याच्या लेखी मागे पडतं. तीन दिवस बाटली तुझ्या हातात, मग त्याच्या, मग तिसऱ्याच्या. त्याला थोरल्या पिल्लांमध्ये सोड. तुमच्याकडची ती चार वर्षांची मादी त्याला पोटाखाली घेते, असं तूच लिहिलंयस, आणि मी आडवा येतो असंही! येऊ नकोस. सोंडेनं गवत उपटून झटकायचं कसं, कुठला पाला तोंडात घालायचा, हे तीच शिकवणार. मोठ्या हत्तीची ताजी लीद तो तोंडात घालील तेव्हा ओढू नकोस. पाला पचवणारे जंतू त्याच्या पोटात तिथूनच जातात. तुझ्याकडे त्यातलं काहीच नाही.

त्याला कळप हवा आहे. तू मध्ये उभा आहेस.

तुझ्या मायेबद्दल मला शंका नाही, म्हणून तर एवढं लिहिलं. त्या कडाक्याच्या रात्री त्याला कुशीत घेऊन बसलास, त्यानंच तो जगलाय, हेही जाणते.

पुढच्या महिन्याचा पाळ्यांचा तक्ता मला पाठव. तुझ्या नावापुढे लागोपाठ दोन रात्री दिसल्या तर मी तिथं येईन.

तुझी,
ताई