10-12 मिमी जाड चामडं शिवायला कुठलं मशीन घ्यावं? 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं घरगुती मशीन चालेल का?

नाही चालणार ओ. तुम्ही लिहिलंय चिक्कोडीत बैलांच्या घुंगराचे पट्टे आणि जाड बेल्ट करायचेत, तीन थर धरून 12 मिमीपर्यंत जातंय. घरगुती मशीनवर हेवी ड्यूटी लिहिलेलं असतं ते जीन्सच्या शिवणीपुरतं. तुमचा पट्टा त्याच्या फूटखाली, म्हणजे माल दाबून धरणाऱ्या पायाखाली, शिरणारच नाही, ठोकून शिरवलात तरी सुई आत गेली की वर यायची नाही.

मी निपाणीजवळ हेच काम करतो, पट्टे, म्होरक्या, अधनंमधनं बॅगा, आणि पहिलं मशीन मी पण चुकीचंच घेतलं होतं. सेकंडहँड, वॉकिंग फूटवालं (म्हणजे दाबणारा पायच चालत माल पुढं ओढतो ते), विकणारा म्हणाला काय पण शिवतंय बघा. दोन थर झकास शिवलं की, मग मी पण फुशारलो. पुढं कर्नाटकी बेंदूर आठवड्यावर आलेला, ज्येष्ठी पौर्णिमेच्या आत पट्टे द्यायचे होते, तिसरा थर घालून पायडल दाबलं तर मोटार घुर्र करून थांबली, अजून जरा दाबलं तर एकदम सुटली आणि सुई नेढ्यातनं तुटली. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. पण खरी कटकट पुढंच होती, टोकाकडचा तुकडा थरांच्या आत राहिला, तसाच दिला असता तर बैलाच्या मानेत घुसला असता, म्हणून अख्खा पट्टा उसवून चुंबक फिरवत बसलो. शेवटी अथणीकडच्या एका मामांनी आरी आणि दोन सुया घेऊन हातानं सगळे पट्टे शिवून दिले, तोंडानं एक शब्द बोलले नाहीत, नुसते हसत होते.

तर माझं म्हणणं असं की मशीन आधी बघू नका, दोरा आधी ठरवा. दोऱ्यावरनं सुई ठरते आणि सुईवरनं मशीन. दुकानात 20 नंबर, 10 नंबर म्हणतात त्यात नंबर लहान तेवढा दोरा जाड, 20 नंबर म्हणजे साधारण टेक्स 135 आणि 10 नंबर म्हणजे टेक्स 270 (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप, यात आकडा मोठा तेवढा दोरा जाड). बॅगेला 20 नंबर पुरतो, त्याला 22-23 नंबरची सुई. बैलाच्या पट्ट्याला मी 10 नंबरच घालतो, त्याला 25 ची सुई लागते, म्हणजे 2 मिमी जाड, जवळजवळ खिळाच. एवढी सुई साध्या वॉकिंग फूट मशीनला बसत नाही, म्हणजे तिथंच निम्मी मशीनं यादीतनं गेली. आणि उन्हात राहणारा माल असेल तर नायलॉनपेक्षा बाँडेड पॉलिएस्टर घ्या, नायलॉन उन्हानं लवकर कुजतं.

आता मशीन. जुकी कंपनीचं 1541 सारखं फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाटाचं, चांगलंच आहे, पण ते 8-10 मिमीपर्यंत आणि 20 नंबर दोऱ्यापर्यंत, बॅगवाल्यांचं मशीन ते. तुमच्या कामाला 441 जातीचं लागेल, लांब गोल हाताचं, मूळ जुकीचं टीएससी-441 आणि त्याच धर्तीवर बऱ्याच कंपन्यांची कॉपी मशीनं येतात. ही पाऊण इंचापर्यंत शिवतात. सुई, फूट आणि खालचे दाते तिन्ही मिळून माल पुढं नेतात म्हणून थर सरकत नाहीत. पण यावर 2-3 मिमीचं पातळ चामडं शिवायला जाऊ नका, वरच्या-खालच्या दोऱ्याची गाठ वर नाहीतर खाली दिसतेच, दोऱ्याचा ताण कितीबी फिरवा.

मोटार तर सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक तीच बघत नाहीत. जुन्या मशीनला क्लच मोटार असते, सारखी फिरत राहणारी, ती मारकुट्या बैलासारखी, पाय लागला की उधळली. सर्वो घ्या, पायडल दाबाल तेवढीच फिरणारी, पण स्वस्त सर्वोला हळू चालवताना जोर नसतो, म्हणून मधे रिड्यूसर पुली लावा, एकास तीनची लावली तर वेग तिसरा हिस्सा आणि जोर तिप्पट होतो. माझी मी बेळगावच्या उद्यमबागेत एका लेथवाल्याकडनं करून घेतली, आपल्याकडं ही सोय चांगली आहे, बेळगावात लेथवाला शोधायला लागत नाही.

टाके सुटायला लागले की लोक लगेच टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकाचा मेळ, गेलं म्हणून मिस्त्रीला फोन लावतात. सुई तळाशी जाऊन किंचित वर आली की तिच्या मागं दोऱ्याचा छोटा फास होतो आणि खाली बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकाचं टोक त्यात शिरतं, तेव्हा टाका पडतो. जाड चामडं सुईला आवळून धरतं आणि तिच्याबरोबर वर उचललं जातं, मग फासच होत नाही. आधी फूटचा दाब वाढवून बघा, माझे तरी निम्मे प्रश्न तिथंच मिटले. सुई चामड्याचीच घ्या, टोकाला पातं असलेली, पण टाका बारीक ठेवू नका नाहीतर पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेघेत फाटतं. मी 12 मिमीला 6 मिमीचा टाका ठेवतो. यात दोरा किती जातो बघा, दर टाक्याला 6 लांबीचा आणि 12 जाडीचा, म्हणजे मीटरभर शिवणीला बॉबिनमधनं तीन मीटर, पट्टा अर्ध्यात असताना बॉबिन संपणार हे धरूनच चाला.

कोल्हापुरी चपलांचं पण विचारलंय तुम्ही. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे त्या भागाचा माल म्हणून मानांकन, मिळालेल्या 8 जिल्ह्यांत आपला बेळगाव आहे, पण तो माल हातानं चामड्याच्या वादीनं शिवलेला असतो, मशीनचा दोरा घालून त्याला कोल्हापुरी म्हणून विकू नका. आणि मशीनची शिवण हाताएवढी टिकाऊ पण नसते, वरचा-खालचा दोरा मधे नुसता एकमेकांत अडकलेला असतो, एक घासून तुटला की शिवण सुटत जाते. म्हणून पट्ट्यावर कडी येते तिथले आठ-दहा टाके मी अजून आरीनंच घालतो.

अजून एक, कडेला रापीनं (चामडं तासायच्या हत्यारानं) तासून पातळ केलं तर तुमचे 12 चे 8-9 होतील, मग कदाचित छोट्या मशीनवर भागेल पण. आणि मशीन बघायला जाताना आपलं चामडं आणि आपला दोरा घेऊन जा, मोटार बंद ठेवून चाक हातानं फिरवा, तीन थरांतनं दहा टाके काढा. विकणारा म्हणेल मोटारवर बघा की, हातानं कशाला, तर तिथनं उठायचं.